गोंद अजून ओला आहे

हेडाऊ काका कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की बैठकीत बसत नसत. "न्हाणी कुठं हाये?" एवढंच विचारत. आम्ही हिंगणा रोडवरच्या वसाहतीत राहायला आलो तेव्हा शेजारी म्हणून त्यांना चहाला बोलावलं, तर दारातच हा प्रश्न. मी गडबडीने टॉवेल काढून दिला. त्यांनी तो माझ्याच हातात परत दिला, आत जाऊन भिंतीच्या पांढऱ्या टाइलवरून अंगठा फिरवला, बोटाने टकटक केलं आणि बाहेर येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाले, "झकास हाये गा. हिले छेद नको करू."

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. टाइलवर साबणदाणी बसवायची तर मिस्त्री छिन्नीने भोक पाडी, त्यात लाकडाची गुट्टी ठोकी आणि वर स्क्रू पिळी. एखादी टाइल तडकायचीच, आणि लोक ते चालवून घेत. काकांच्या मात्र जिवाला लागे. ते सगळं चिकटवत. साबणदाणी, टॉवेलची दांडी, आरसा, दात घासायच्या ब्रशचा पेला, काहीही.

काका उमरेडच्या विणकर घरातले. वडील मागावर बसत. काका स्वतः नागपुरातल्या एका कापड गिरणीत, सुताला खळ लावायच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झाले होते. "जिंदगीभर सुताले खळ पाजली. सुताले कधी खिळा ठोकला का?" असं ते विचारत. आणि आपल्याच प्रश्नावर खूश होऊन मांडीवर थाप मारत.

सुरुवातीला ते टाइललाही खरोखरच खळ लावत. कणकेची, गिरणीत करायचे तशी शिजवून, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. वसाहतीतल्या हेडमास्तरांकडे त्यांनी अशी साबणदाणी बसवली. ती आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी हेडमास्तर तोंडाला साबण लावून डोळे मिटून उभे असताना ती त्यांच्या पायावर आली. मागे बघतात तर झुरळांनी खळ चाटूनपुसून साफ केलेली. काकांनी वाकून नीट पाहिलं आणि निकाल दिला, "खळीचा दोष नाही. मोरचूद कमी पडला."

मग इतवारीतल्या एका दुकानात त्यांना दोन ट्यूबांचा गोंद मिळाला आणि त्यांचं आयुष्यच पालटलं. पत्त्यांच्या जुन्या कॅटमधल्या एखाद्या पत्त्यावर दोन्ही ट्यूबा सारख्या पिळायच्या, काडेपेटीच्या काडीने घोटायच्या. टाइल सोड्याने धुवायची, पॉलिश पेपरने घासायची, धोतराच्या धुतलेल्या तुकड्याने पुसायची. मग वस्तू लावायची आणि हाताने धरून बसायचं. दीड तास.

माझी साबणदाणी त्यांनी अशीच बसवली. मी म्हटलं, "काका, खाली दोन विटा रचून टेका द्या ना."

"विटीले काय समजते वं बाई? गोंद पकडून राहिला का सरकून राहिला, हे हाताले समजते."

ते न्हाणीत स्टुलावर, हात भिंतीला, आणि मी बाहेर पाटावर तांदूळ निवडत. तेवढ्यात नवरा हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून घामेजून घरी आला आणि टॉवेल गुंडाळून दाराशी उभा राहिला. काका त्याला गिरणीतल्या दमट हवेत सूत कसं तुटतं ते समजावत राहिले. नवरा शेवटी आमच्या मागच्या नळावर जाऊन अंघोळ करून आला. पण साबणदाणी बसली ती बसलीच.

मला ते सारं रिकामटेकडेपणाचं वाटे. नवऱ्याजवळ मी त्यांची नक्कलही करत असे. हे सांगताना आता बरं वाटत नाही.

काकू अगदी निराळ्या. चणीने लहान, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या. काका बैठकीत असले तर त्या आतल्या दाराआडून बोलत, आणि दोघं बाजारात निघाले तर चार पावलं मागे चालत. पुढच्या एप्रिलमध्ये काकू न्हाणीत घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण पायातली ताकद गेली. भिलाईचा मुलगा आला आणि सांगून गेला, "आई आता एकदा जरी पडली तरी मी तिला घेऊन जाणार. माझ्याकडे दीडच खोली आहे, तेव्हा बाबांनी ताईकडे अमरावतीला राहावं." ते ऐकून काका दोन दिवस कोणाच्या न्हाणीत गेले नाहीत.

डॉक्टरांनी न्हाणीत धरायला भक्कम दांडी लावायला सांगितली. मी काकांना हात जोडून म्हटलं, "इथे हट्ट नको. ही साबणदाणी नाही. मिस्त्री बोलवा, छेद करा."

"चिकटवतो," काका म्हणाले. आणि मेच्या सुरुवातीला त्यांनी ती चिकटवली.

मी शिकवत असे त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मी रोज सकाळी काकूंची विचारपूस करायला जाई. रोज तेच दृश्य. काकूंची अंघोळ आटोपून लुगडं नेसून झालं की त्या स्टुलावर बसून हाक मारत. काका भिंतीकडे तोंड करून आत जात आणि दोन्ही हातांनी दांडी दाबून धरत. "उठ. गोंद ओला हाये, मी धरून राहिलो." मग काकू त्यांच्या हातांवरून दांडी धरून उठत.

आठ दिवस मी ऐकून घेतलं. पण महिना उलटला तरी गोंद ओलाच. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही घातलेले पापड अर्ध्या तासात वाळत होते. मला धडकी भरली. एखाद्या दिवशी काका घरात नसतील, काकू दांडी धरतील आणि दांडी हातात येईल. मग काकू भिलाईला आणि काका अमरावतीला.

शेवटी एका रविवारी मी काकांना न विचारता मिस्त्रीला घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू बैठकीत बाजेवर बसल्या होत्या. मिस्त्री न्हाणीत गेला, त्याने दांडी दोन्ही हातांनी ओढली, भिंतीला पाय लावून ओढली, मग अक्षरशः तिला लटकला. दांडी तसूभर हलली नाही.

"बाई, भिंत पडन, हे नाही निघत," तो म्हणाला.

आमच्या मागोमाग न्हाणीच्या दाराशी आलेल्या काकांकडे मी पाहिलं. ते पंच्याने हात पुसत होते, हात कोरडे असताना.

"केव्हा वाळला?"

"दुसऱ्याच दिवशी," ते हळूच म्हणाले. "तिले सांगू नको वं. चाळीस वर्षं झाले लग्नाले, उठवाले हात देला तं म्हणते, दूर व्हा, लाज वाटते. त्या दिवशी पडली तं अर्धा तास भुईवर पडून राहिली, दार लावून. मी इथंच बाहेर बसलो होतो. मले आवाज नाही देला तिनं." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "गोंद ओला हाये म्हटलं तं माह्या हातावर हात ठेवते. काम म्हणून उभा राहिलो तं चालते तिले."

मी ज्याला रिकामटेकडा म्हणत आले त्या माणसापुढे माझी मान खाली गेली.

"काय म्हणते वं मिस्त्री?" काकूंनी बाहेरून विचारलं.

मिस्त्री उत्तर द्यायच्या आत मीच म्हणाले, "ओला आहे म्हणतो, काकू. काकांना अजून काही दिवस धरावी लागेल."

बाहेर बाज करकरली. मग काकू म्हणाल्या, "आता तं पावसाळा लागंल. दिवाळीपर्यंत काही वाळत नाही तो."