पंख्याचं बटण

गल्लीत त्याला सगळे 'इंजिनीअर' म्हणत. नोकरी पाणीपुरवठा खात्यात कारकुनाची, पण पदवी गल्लीनेच दिलेली असल्यामुळे ती काढून घेण्याची सोय नव्हती. आपोआप चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्याचा विश्वास नसे. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे तो फटीला डोळा लावून बघत असे. त्यामुळे नव्या मोटारसायकलचं इंजिन थंड करणारा पंखा आपला आपणच सुरू होतो, हे कळल्यावर त्याची झोप उडाली.

"समजा, नाहीच सुरू झाला तर?" त्याने बायकोला विचारलं.

"आजवर झालाय ना?"

"आजवर. कंट्रोल आपल्या हातात पाहिजे."

"अहो, डबा न्यायची आठवण तुम्हाला मी करते. चष्मा मी शोधून देते. आणि पंखा लावायचं तुमच्या लक्षात राहणार?" ती शांतपणे म्हणाली. "उद्या माझी मुलाखत आहे. पॅकिंग विभागात इतकी वर्षं घासल्यावर सुपरवायझरची जागा निघालीये. उद्यापर्यंत गाडीला हात लावू नका."

"तुझ्या मुलाखतीसाठीच तर करतोय."

अशा प्रेमापुढे कोण काय बोलणार? संध्याकाळपर्यंत गाडीची पंख्याकडे जाणारी मूळ वायर कापली गेली, नवी वायर थेट बॅटरीला जोडली गेली आणि हँडलवर लाल बटण बसलं. गल्लीतून एक चक्कर मारून तो परतला. इंजिन गरम होतं, म्हणून गाडी बंद केल्यावरही पंखा जरा फिरू दे म्हणाला आणि चहाला वर गेला. चहा झाला, जेवण झालं, झोपही छान लागली. खाली पंखा मात्र थंड पडलेल्या इंजिनाला इमानेइतबारे वारा घालत राहिला.

सकाळी बॅटरी पार उतरली होती.

शेजाऱ्यांनी ढकलून ढकलून गाडी कशीबशी सुरू करून दिली. नवी साडी सांभाळत बायको मागे बसली. मुख्य रस्त्यावर गाड्यांची ही रांग. इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याने लाल रेघ गाठली.

"पंखा लावा," ती म्हणाली.

"पुन्हा बॅटरी उतरेल." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हा तर ताकाला शिवायलाच तयार नव्हता.

"मग बटण कशाला बसवलंय?"

"गरज पडली तर असावं म्हणून."

एवढ्यात पुढच्या चाकामागून वाफेचा लोट उठला आणि गाडी बंद पडली. बायकोने घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पुसून तिने मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोला हात केला आणि नवऱ्याकडे वळूनही न बघता त्यात चढून बसली.

संध्याकाळी ती घरी आली ती जागा मिळवूनच. नवरा अपराधी चेहऱ्याने दारातच उभा होता.

"काय विचारलं गं?"

"एखादा कामगार हेकट असेल, चालत्या यंत्रात उगाच हात घालत असेल, तर काय कराल, म्हणाले."

"मग?"

"म्हटलं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याला वेगळं बटण द्यायचं."

"वा," तो मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात असताना मेकॅनिक आला. तिने सांगितलं तसं त्याने मूळ वायर पुन्हा जोडली. लाल बटण जागच्या जागी ठेवलं, फक्त ते कशालाच जोडलं नाही. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं की वायरिंग पक्कं करून घेतलंय.

तेव्हापासून तो प्रत्येक सिग्नलला ऐटीत बटण दाबतो. कधी लगेच, कधी अंमळ उशिराने, पंखा फिरतोच. परवा मात्र त्याचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आतच पंखा सुरू झाला. त्याने बोटाकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि मान मागे वळवली.

"पाहिलंस? आता नुसतं बोट जवळ नेलं तरी चालतो."

"हात बसलाय तुमचा," सुपरवायझरबाई म्हणाल्या.