नाव रस्त्यावर, मी नावेत

लेकीनं कागद पुढ्यात आणून आपटला. म्हणे, "बाबा, ते नावेचं एकदा लिहूनच काढा, रोज जेवताना ऐकायला नको." माझं शिक्षण ते केवढं! पण आमचे जावईबापू ही गोष्ट जशी मीठमसाला लावून सांगतात, ते ऐकून गप्प बसणंही जमत नाही.

नाव मी बांधली. अंगणात, बोटं ठेचून घेत. बायकोला तळ्यात फिरवायचं, एवढीच हौस. आणि बायको काय म्हणाली? "एकदा न्या. वाटेत भानगड झाली, तर घरी आल्यावर तिचं सरपण." (ती बोलते ते करते. माझी आरामखुर्ची अशीच गेली.)

जावयानं मोटारीमागं ट्रेलर जोडला, वर नाव पट्ट्यांनी आवळली आणि मास्तरकी सुरू केली.

"बाबा, जड सामान पुढं. मागं वजन गेलं की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो."

"नाव आहे का कुत्रं?"

"आणि हलायला लागला तर ब्रेक दाबायचा नाही."

"मग काय, हात जोडायचे?"

"अहो, ऐका की त्यांचं जरा!" बायको म्हणाली.

झालं. मी अबोला धरला. मागच्या सीटवर गादीच्या वळकटीशेजारी जाऊन बसलो, तोंडाला कुलूप.

पेट्रोल पंपावर उतरलो. टोपी वळकटीवर ठेवली. परत येताना पाहतो तर नावेवरच्या ताडपत्रीचं टोक फडफडतंय. (बांधली कुणी? जावयानं.) सांगावं तर अबोला मोडतो. म्हणून स्वतःच आत चढलो. आत सगळा निळा उजेड, बुडाशी मऊ उशा. पुढचं टोक निमुळतं, पाय मावेनात. मागं ऐसपैस. म्हटलं, घटकाभर पाठ टेकू.

आणि नाव निघाली. खरं सांगतो, पाण्यावर निघाली. डावीकडे झुले, उजवीकडे झुले, कुणी पाळण्यात घातल्यासारखं. अंगावर निळ्या लाटा सरकत होत्या. लांबून कसलेसे मोठे पक्षी भोंऽ भोंऽ करत जवळ यायचे आणि निघून जायचे. समोर बायको बसलेली, लग्नात होती तशी, आणि मुख्य म्हणजे काही बोलत नव्हती. झुलणं वाढत गेलं, तसा मी आणखी सुखावलो.

ते पक्षी म्हणजे ट्रक होते, हे मला मागाहून कळलं. हायवेवर ट्रेलर या लेनमधून त्या लेनमध्ये शेपूट हलवत होता आणि जावयाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण गड्यानं ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग सरळ धरून वेग उतरू दिला, गाडी कडेला घेतली आणि ताडपत्री उचलली.

"बाबा!"

"आलं का तळं?" मी विचारलं.

मागून बायको धावत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, वळून गाडीतल्या टोपीकडे पाहिलं.

"अहो, मग मी इतका वेळ 'चुकलं माझं' कुणाला म्हणत होते?"

पंपापासून ती, मागं न बघता, वळकटीची समजूत काढत होती. नाव देखणी झालीय म्हणाली. सरपणाचं रागात बोलले म्हणाली. एकदा तर हुंदकाही दिला म्हणे. (एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मी हजर नाही!)

आता मात्र तिनं पदर खोचला. "झाली ना भानगड?"

मी नावेची कड घट्ट धरली.

"आई, नाव सरळ चालली होती," जावई म्हणाला. "मागं बाबांचं वजन आलं."

"म्हणजे दोष नावेचा नाही?"

"नावेचा अजिबात नाही."

"मग नाव राहू दे." माझं काय करायचं ते तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी तळ्याच्या मधोमध वल्हं थांबवून मी हळूच म्हटलं, "अगं, ते गाडीत म्हणालीस ते एकदा माझ्यादेखत म्हण की."

"एकदा म्हटलंय," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा वळकटीनं नीट ऐकून घेतलं. वल्हवा."

तेव्हा लिहून ठेवतो. वळकटीचा हिशेब मिटला. माझी माफी मात्र बायकोनं अजून मागायची राहिली आहे.