पट्टेमास्तरांचं मैदान

फोन ठेवून पट्टेमास्तर जेवणाच्या टेबलाशी मटकन बसले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"लेक येतेय. शनिवारी. आठवडाभर राहणार म्हणते."

"मग चेहरा असा का पाडलाय? चांगलंच आहे की!"

"मी पिकलबॉल खेळतो असं सांगितलंय तिला."

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. नवऱ्याने शेवटचा खेळ खेळला तो शाळेत, आणि तोही राखीव म्हणून, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लेक परगावी शिकायला होती. अलीकडे तिचं घरी येणं म्हणजे शनिवारी बॅग टेकवायची आणि रविवारी उचलायची. फोनवरचं बोलणं "हं", "हो" आणि "बघते" एवढ्यावर आलेलं. आज मात्र कॉलेजात नवीन खेळ शिकल्याचं सांगताना तिचा आवाज लहानपणीसारखा फुलला होता. तो ऐकून मास्तर विरघळले आणि बोलून गेले, "अगं, मीपण खेळतो! इथेही मैदान आहे." पलीकडून लगेच, "खरंच? मग मी आठवडाभरासाठीच येते, बाबा."

आता या आनंदाचं काय करावं ते त्यांना कळेना.

मैदानाचा शोध सुरू झाला. नकाशात जवळच दिसलेलं पहिलं मैदान एका क्लबात निघालं. तिथे शिरायला दोन सभासदांची शिफारस लागत होती, आणि सभासदांशी ओळख व्हायला आत शिरावं लागत होतं. दुसरं शाळेच्या हॉलमध्ये होतं, पण त्यावर परीक्षेची बाकं रचून ठेवलेली. तिसऱ्या ठिकाणी नकाशाने त्यांना गाद्यांच्या दुकानात नेऊन सोडलं. दुकानदार म्हणाला, "खेळाचं माहीत नाही साहेब, पण झोपून बघा." मास्तर खरंच थोडा वेळ झोपले, इतके ते खचले होते.

खेळ शिकणं तर त्याहून अवघड. भोकं पडलेला प्लॅस्टिकचा चेंडू आणि लाकडी बॅट आणून ते मोबाइलवर धडे बघू लागले. सर्व्हिस खालून मारायची. परतलेला चेंडूही एकदा टप्पा पडू द्यायचा. इथवर ठीक होतं. पण गुण मोजताना धड्यातली बाई म्हणायची, "शून्य, शून्य, दोन."

"खेळ सुरू व्हायच्या आधीच हे दोन आले कुठून?" मास्तर कळवळून विचारत. धडा चार वेळा बघूनही ते दोन काही उलगडेनात.

"आणि जाळ्याजवळच्या पट्ट्याला किचन म्हणतात," त्यांनी बायकोला सांगितलं. "तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही."

"मग जमेल तुम्हाला," बायको म्हणाली. "किचनमध्ये तुम्ही आजवर पाय ठेवलाय कुठे?"

शेवटी मास्तरांना स्वतःचा धंदा आठवला. ते रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या खात्यात मुकादम होते. झेब्रा क्रॉसिंग, दुभाजकाची रेघ, सिग्नलची थांबरेषा, सगळी त्यांच्या हातची. पण इतक्या वर्षांत एकाही माणसाने ती पाळलेली त्यांनी पाहिली नव्हती. थांबरेषेच्या आत एकदा एक गाडी थांबलेली दिसली, तेव्हा त्यांना भरून आलं होतं. जवळ गेल्यावर कळलं, ती बंद पडली होती.

इमारतीच्या मागे फरसबंदी अंगण होतं. रात्री तिथे चार गाड्या वाटेल तशा आडव्यातिडव्या लावत आणि त्यावरून रोज भांडणं होत. दिवसा गाड्या ऑफिसला जात. "दिवसा खेळा की! कोण नाही म्हणतंय?" सेक्रेटरी म्हणाले. मास्तरांनी रजा टाकली, स्वतःच्या खर्चाने रस्त्याचा अस्सल पांढरा रंग आणला आणि दोरी धरून असं मैदान आखलं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. जाळं लेक आणणारच होती.

संध्याकाळी गाड्या परतल्या.

पहिल्या आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी पट्टे बघितले, गाडी मागे घेतली आणि सर्व्हिसच्या चौकोनात नीट बसवली. पाठोपाठ आलेल्यांनी बाकीचे तीन चौकोन भरले. किचनच्या दोन पट्ट्यांत दोन गाड्या आडव्या मावल्या. एरवी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या दोन गाड्यांनाही त्या दिवशी आत जागा मिळाली. ना हॉर्न, ना भांडण. मास्तर गॅलरीतून बघत होते. हयातीत पहिल्यांदा लोक त्यांच्या रेषा पाळत होते, आणि त्यांना ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

"सकाळी जातील हो," बायकोने समजूत घातली.

सकाळी एकही गाडी हलली नाही. इतकी सुरेख जागा सोडली तर दुसरा कोणी बळकावेल, या धास्तीने मंडळी बसने ऑफिसला गेली.

शुक्रवारी मास्तर खरवडणी आणि रॉकेल घेऊन पट्टे पुसायला उतरले. पण रंग अस्सल होता. ट्रकच्या चाकांनी न जाणारा रंग त्यांच्या मनगटाला कुठून दाद देणार? तेवढ्यात वॉचमनने आरडाओरडा केला आणि सगळी इमारत खाली जमली.

"अहो, हे खेळाचं मैदान आहे!" मास्तर ओरडले.

"बघा," सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "इतक्या वर्षांचा प्रश्न सोडवला, पण श्रेय घ्यायला तयार नाहीत." टाळ्या झाल्या. कोणीतरी मास्तरांच्या हातातली खरवडणी काढून घेऊन पुष्पगुच्छ दिला. सहा जागा सहा गाडीवाल्यांना कायमच्या नेमून दिल्या गेल्या. मास्तरांकडे गाडी नव्हती, त्यामुळे त्यांना पुष्पगुच्छावरच भागवावं लागलं.

शनिवारी लेक जाळं खांद्यावर टाकूनच उतरली. "मैदान कुठंय?"

मास्तर तिला मुकाट्याने मागच्या अंगणात घेऊन गेले. "हे," ते म्हणाले. पुढचं सगळं एका दमात बाहेर पडलं. "मला खेळता येत नाही गं. ते दोन कुठून येतात तेसुद्धा कळत नाही. तू राहावंस म्हणून खोटं बोललो. उद्याची गाडी मिळते का बघ."

लेक गाड्यांमधून हळूहळू फिरली, वाकून रेषा बघितल्या. मग डॉक्टरीणबाईंच्या गाडीपाशी थांबली. मागचं चाक रेषेबाहेर बोटभर गेलेलं होतं. तिने हात उंचावला आणि सगळ्या गॅलऱ्या हादरतील अशी आरोळी ठोकली.

"आऊट!"

डॉक्टरीणबाई धावत खाली आल्या, "सॉरी, सॉरी" म्हणत त्यांनी गाडी पुढे सरकवली. लेक किचनकडे वळली. "फॉल्ट! पाय आत!" सेक्रेटरी चावी शोधत पळाले.

मास्तरांनी आजवर पोलिसासमोरही कोणाला असं पळताना पाहिलं नव्हतं. लेक पोट धरून हसत होती.

जागा पक्क्या झाल्याने दुपारी गाड्या पुन्हा बिनधास्त बाहेर पडल्या होत्या. संध्याकाळी त्या परतायच्या वेळेला बापलेक दोन खुर्च्या टाकून अंगणात बसले. पहिली गाडी फाटकातून वळली तसा लेकीचा फोन वाजला.

"नाही गं, उद्या कशी येऊ?" ती मैत्रिणीला सांगत होती. "आठवडाभर इथेच आहे. रोज संध्याकाळी मॅच असते आमची." मग फोनवर हात ठेवून ती कुजबुजली, "बाबा, नीट बघ, डावं चाक. आऊट की इन, हा कॉल तुझा."