दातांच्या दवाखान्यातला लसूण

मामाच्या मते जगात गुन्हेगारांचे दोनच प्रकार होते. एक, त्याने पकडलेले आणि दुसरे, त्याच्या धाकाने गुन्हे करायचंच सोडून दिलेले. पहिल्या प्रकारात अजून कोणी नव्हतं. त्यावरून दुसरे किती असतील याचा अंदाज लोकांनी करावा, असं तो म्हणे.

"नजर घारीची, नाक मुंगीचं आणि स्मरणशक्ती..." दवाखान्यात शिरल्याशिरल्या त्याने दातांच्या डॉक्टरांना स्वतःची ओळख करून द्यायला घेतली, आणि स्मरणशक्ती कोणाची ते त्याला आठवेना.

"हत्तीची," काउंटरमागून बबडी म्हणाली.

बबडी ही त्याची भाची. दवाखान्यात ती फोन घ्यायची, पेशंटांना आत सोडायची आणि सध्या संशयित होती. मामाला तिने बोलावलं नव्हतं. तिच्या आईने पाठवलं होतं. अडचणीत भाऊच कामाला येतो, असं आईचं ठाम मत होतं. आधीची एक अडचण तरी मिटू द्यावी, असं बबडीचं.

आधीची अडचण म्हणजे लसूण. गेले काही दिवस दवाखान्यात लसणाचा वास येत होता. कायम नाही. पेशंट खुर्चीत आडवा व्हायचा, डॉक्टर त्याच्यावर वाकायचे आणि नेमका तेव्हाच भपकारा यायचा. पेशंट बिचारा काय समजणार? वर डॉक्टरांचं तोंड, खाली आपलं, मध्ये लसूण. एक बाई तर तोंडात कापसाचे बोळे तसेच ठेवून घरी निघून गेल्या. डॉक्टरांनी मास्कवर मास्क चढवला, वेलदोडे चघळले, दोन पेशंटांच्या मध्ये चोरून चुळा भरल्या. काही फरक पडला नाही. आपलं काही चुकत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कोणाचं तरी चुकत असणार, म्हणून त्यांनी बबडीच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"आज छडा लागला तर ठीक," त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, "नाहीतर उद्यापासून मी दुसरी मुलगी बघतो."

बबडी आठवडाभर डब्यात नुसती काकडी आणत होती. काकडीवर नोकरी टिकत नाही हे तिच्या लक्षात येत चाललं होतं.

मामाने पेशंट थांबतात त्या बाहेरच्या खोलीची पाहणी केली. एक रेक्झिनचा सोफा, जुनी मासिकं आणि सोफ्याच्या हाताशी स्टुलावर एक कुंडी. कुंडीत गवतासारखी लांब पानं आणि त्यांवर फिकट निळी, सहा पाकळ्यांची फुलं. चांदण्या कातरून देठांवर लावाव्यात तशी. मातीत खोचलेल्या पाटीवर 'वसंततारा' असं लिहिलं होतं.

"हे कुठून आलं?"

"माझ्या सासूबाईंनी कंद दिला," डॉक्टर जपून म्हणाले. "त्याला काही म्हणायचं नाही."

मामाने एका फुलात नाक खुपसलं. "मधाचा वास. बबडे, लिहून घे. या खोलीतला हा एकमेव निष्पाप जीव."

"कशावर लिहू?"

"मनावर."

मग तो कुंडीला लागूनच सोफ्यावर बसला. डॉक्टर आत गेले आणि आतल्या खोलीत मशीन सुरू झालं. मामाचे खांदे कानांपर्यंत वर गेले.

"मामा, गाल सुजलाय तुझा. दाढ दुखतेय का?"

"वेषांतर आहे ते," मामा म्हणाला. "आता ऐक. समोरच्या इमारतीत दुसरा दातवाला आहे. तो रात्री भिंतीतून नळी घालून लसणाची वाफ सोडतो."

"मध्ये रस्ता आहे."

"म्हणजे नळी लांब आहे."

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले, तोवर नळी मागे पडली होती. "डॉक्टर, रागावू नका. आपण झोपेत चालता का? झोपेत स्वयंपाकघरात जाता का? एकदा हा करा पाहू." डॉक्टरांनी मास्क खाली करून हा केलं. वेलदोड्याचा वास आला. मामाने डोळे बारीक केले. "इतका वेलदोडा माणूस उगाच खात नाही."

डॉक्टर मास्क वर ओढून बबडीकडे बघू लागले. अशा वेळी सख्ख्या मामाने काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तो बोललाही.

"नातं तपासाच्या आड येणार नाही, बबडे. लसूण कुठे दडवलास?"

"आईला सांगू का हे वाक्य?"

"आईलाही संशयातून वगळलेलं नाही."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला कवळी बसवून घ्यायला आलेल्या एक आजी होत्या. तोंडात एकही दात नसल्यामुळे दवाखान्यात निवांत बसलेलं माणूस तेवढं एकच. त्या मघापासून मामाकडे बघत होत्या.

"अहो, शेरलॉकचे पाहुणे," त्या म्हणाल्या, "ते पान सोडा की आता. दोरी वळायला घेतलीत का?"

बबडीने काउंटरवरून वाकून पाहिलं. मामाच्या पायाशी हिरव्या चोथ्याचा ढीग पडला होता. एक हात हवेत सिद्धांत मांडत होता आणि दुसरा आपल्या मनाने वसंतताऱ्याची पानं चुरत होता. आत मशीन कुरकुरलं की तो हात जोरात चालायचा.

तिने बाहेर येऊन मामाचा हात धरला आणि नाकाशी नेला. मग तोच हात, मामासकट, डॉक्टरांच्या नाकाशी नेला.

"लसूण," डॉक्टर म्हणाले.

"फुलाला मध, पानाला लसूण," बबडी म्हणाली. "पान चुरल्याशिवाय वास येत नाही. आणि तुमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस इथे बसून घाबरतं, डॉक्टर. हाताशी येईल ते चुरतं. मग आत जाऊन बोटं छातीवर घट्ट धरून आडवं होतं. बोटं नाकाखाली त्याच्या, आणि नाव तुमचं."

डॉक्टरांनी खाली वाकून उरलेलं एक पान चुरलं, हुंगलं आणि तोंडावरचे मास्क काढून टाकले. कितीतरी दिवसांनी ते मोकळा श्वास घेत होते. त्यात लसूण होता, पण आपल्या तोंडाचा नव्हे.

"उद्या वेळेवर ये," ते बबडीला म्हणाले. "डब्यात काय वाटेल ते आण. आणि सासूबाईंना यातलं काही कळायला नको."

कुंडी बबडीच्या काउंटरवर गेली, पेशंटांच्या हाताला लागणार नाही अशी. मामाने तपासाची फी मागितली. डॉक्टरांनी त्याच्या गालाकडे पाहिलं आणि दाढ फुकट काढून देतो म्हणाले. मामा दाराकडे निघाला होता, पण आजींनी पाय आडवा घातला.

थोड्या वेळाने तो गालावर रुमाल दाबून बाहेर आला आणि त्याने सगळ्यांसमोर एक लांबलचक निवेदन केलं. आपल्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, असा त्याचा आशय असावा. अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे खात्री देता येत नाही.

बबडीने रिकाम्या स्टुलावर जुनं वर्तमानपत्र ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या चिंध्या झाल्या, पण दवाखान्यात कसलाही वास नव्हता. दिवे बंद करताना आईचा फोन आला.

"काय गं, आला का माझा भाऊ कामाला?"

"आला ना," बबडी म्हणाली. "म्हणजे, घाबरला. तेवढं पुरलं."