साजगावचा दुसरा लेखक

साजगाव हे नाव ऐकलं तरी आमच्या बाळकाकांना ठसका लागायचा. काका म्हणजे माझे कशेळ्यातले शेजारी. भाताची शेती मुलाकडे सोपवून ते मोबाइलवर लेखक झाले होते. एका संकेतस्थळावर कुणालाही माहितीचे लेख लिहिता येतात. फक्त खाली आपलं नाव आणि फोटो द्यावा लागतो. वाचणारे चांदण्या देतात. काका बाजारात वांगी निवडता निवडता भाजीवालीला सांगायचे, "कोंडाण्याच्या लेण्यांवर वाच गं. खाली नाव हाय माझं."

पण तिथं एकाच विषयावर दोघांनी लिहिलेलं चालतं. काकांच्या पाठोपाठ साजगावच्या घरत नावाच्या गृहस्थांनीही लेण्यांवर लिहिलं, आणि चांदण्या त्यांना जास्त पडल्या. काकांनी पोपटीवर, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांवर लिहिलं, घरतांनीही लिहिलं. शिवाय काकांच्या लेखाखाली शेरा मारला, "मडकं उपडं ठेवतात, हे राहिलं."

"माझंच वाचून शिकला आणि मलाच शिकवतो," काका म्हणाले. घरतांच्या प्रत्येक लेखाला ते एकच चांदणी द्यायचे. त्यांचा फोटो मला मोठा करून दाखवायचे. "केस रंगवलेत रं यानं." पुढच्या महिन्यात स्वतःही रंगवून आले.

यंदा दिवाळीनंतर घरतांचे लेख थांबले. काका आठवडाभर खुशीत होते. मग सारखे मोबाइल उघडून बघू लागले. जेवणातलं लक्ष उडालं. एका सकाळी दारात येऊन म्हणाले, "स्कूटर काढ रं. साजगावला जाऊ."

घरत पडवीत बसले होते. उजवा हात लुळा पडून मांडीवर होता. त्यांनी काकांना फोटोवरून ओळखलं.

"भांडायला आलात?"

"नाय. तुमी लिवत नाय, म्हणून आलो."

घरतांनी नजरेनंच हात दाखवला. काका त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सांगा. मी लिवतो."

घरत भाताच्या लावणीवर सांगत गेले, काका लिहीत गेले. ओळीओळीला दोघं भांडले. चहा दोनदा गार झाला. लेख घरतांच्याच नावानं गेला.

परतताना खोपोली मागे पडल्यावर काका म्हणाले, "तुझी काकी होती तवर माझं लिवलेलं ती वाचायची. आता घरात मोबाइल पुढं केला की पोरं म्हणतात, नंतर बघू."

मग मागे साजगावकडं बोट दाखवत म्हणाले, "ह्यो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो."