बॅटरीवर ताण नको

रविवारी दुपारी दोन वाजता कॉलनीची बॅटरी परीक्षेला बसणार होती, आणि महिपतराव सकाळपासून तिच्याभोवती घिरट्या घालत होते.

बॅटरी म्हणजे काही घड्याळातली नव्हे. ट्रकवर मावेल एवढा पांढरा कंटेनर, वर्तकनगरच्या अकरा इमारतींच्या मधोमध ठेवलेला. वीज गेली की सगळी कॉलनी त्याच्यावर चालायची. पण कंपनीने तो तीन महिने बघण्यापुरता दिला होता. आज दोन ते चार नीट चालला तर राहणार, नाहीतर सोमवारी ट्रेलर येऊन उचलून नेणार. महिपतराव सेक्रेटरी. त्यात गेल्या वर्षी वीज जाऊन लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांच्या पत्नी कलावतीबाई दुखऱ्या गुडघ्यांनी सात मजले चढल्या होत्या. "पुन्हा तुला जिना चढायला लागला तर नावाचा महिपत नाही," असं ते त्यांना बोलून बसले होते.

म्हणून त्यांनी आदल्या दिवसापासून ग्रुपवर बजावलं होतं, 'परीक्षेच्या वेळी बॅटरीवर ताण नको. कॉलनीची लाज राखा.' शेजारच्या आवडाबाईंनी तर कंटेनरला हळदकुंकू लावून समोर दहीसाखरेची वाटी ठेवली.

दोनला बाहेरची वीज तोडली. कंपनीची इंजिनीअर ऋतिका लॅपटॉप उघडून बसली. वीस मिनिटं झाली तरी तिच्या कपाळावरची आठी जाईना.

"काका, लोड कुठेय?"

"लोड नाहीच!" महिपतरावांची छाती फुगली. "मे महिन्यात पंखेसुद्धा बंद ठेवलेत. माणसं घामाने निथळतायत, पण बॅटरीला त्रास नाही."

"अहो काका! पैलवानाची ताकद बघायचीय आणि तुम्ही त्याच्या हातात उशी दिलीत. चारपर्यंत निम्मी तरी उतरायला पाहिजे. नाहीतर फेल लिहावं लागेल मला."

महिपतराव धावत गेटवर गेले आणि गणपतीतला माइक काढला. "सगळं चालू करा! गिझर, इस्त्री, काय असेल ते लावा!"

खिडकीतून दौलत ओरडला, "भाऊ, एक काय ते ठरवा ना! आमची म्हातारी सकाळपासून पुठ्ठ्याने वारा घेतेय!"

एकही पंखा फिरला नाही. उलट सलिलने ग्रुपवर टाकलं, 'सेक्रेटरींना ऊन लागलंय. लक्ष देऊ नका. लाज राखा.'

महिपतराव दारोदार फिरले. लोकांनी त्यांना बसवलं आणि कांदा हुंगायला दिला. तीन वाजले. शेवटी कलावतीबाईच लिफ्टने खाली उतरल्या आणि त्यांनी माइक हिसकावला. "बायांनो, हे शुद्धीवर आहेत. लावा सगळं!"

मग मात्र कॉलनी पेटून उठली. भर उन्हाळ्यात गिझरची वाफ खिडक्यांतून निघाली. आवडाबाईंनी घरघंटीत वर्षाचे गहू ओतले. रचनाने तिन्ही एसी लावून अंगावर गोधडी घेतली. धुतलेले कपडे पुन्हा मशीनमध्ये गेले. बॅटरी भराभर उतरत गेली, पण एकदाही अडखळली नाही.

चारला ऋतिका हसत उठली. "पास, काका! एक नंबर बॅटरी!"

महिपतरावांनी कंटेनरला हात जोडले.

"पण एक विचारते," ती कागद उलटत म्हणाली. "मंजूर आहे त्याच्या दुप्पट वीज ओढलीत तुम्ही. रोज असंच असतं? मग कॉलनीला जादा वापराची नोटीस येईल."

"छे, छे! रोज याच्या पाव हिस्सापण नसतो."

"असं?" तिचं पेन थांबलं. "मग एवढी मोठी इथे कशाला अडकवायची? छोटी पाठवते. दिवे-पंखे चालतील. लिफ्ट नाही चालणार."

महिपतरावांनी मनात हिशेब मांडला. खऱ्यावर राहावं तर लिफ्ट जाते, शब्द फिरवावा तर नोटीस येते. ते एकदा कंटेनरकडे, एकदा बायकोच्या गुडघ्यांकडे बघू लागले.

कलावतीबाईंनी त्यांना बाजूला सारलं. "पोरी, आमच्याकडे रोज असंच असतं. लिही तू. आणि नोटीस यांच्या नावाने पाठव. ती वाचायला जिना चढावा लागत नाही."