कपाटाखालचे भावोजी

जेवायला बसल्यावर भावोजींनी चिकनची वाटी हलकेच टेबलाच्या मध्यावर सरकवली आणि म्हणाले, "आजपासून मला हे नको."

ताईला वाटलं, मीठ जास्त पडलं. तिने चाखून पाहिलं, मीठ बरोबर होतं. तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे भावोजींच्या मेहुण्याला, वाटलं की त्यांचं पोट बिघडलंय, म्हणून त्याने मोठ्या मनाने ती वाटी स्वतःकडे ओढून घेतली. शेवटी भावोजींनीच खुलासा केला. त्या दिवशी त्यांनी एका आजीबाईंचं सामान नव्या घरी हलवलं होतं. आजीबाईंची एक तांबडी कोंबडी होती. तिला मागे सामानात टाकलं तर ती घाबरेल, म्हणून आजीबाईंनी तिला ट्रकच्या केबिनमध्ये भावोजींच्या मांडीवर आणून ठेवलं होतं.

"वाटभर एक पाय पोटाशी घेऊन झोपली होती," भावोजी म्हणाले. "खड्डा आला की एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची आणि परत झोपायची. आता माझ्या घशाखाली नाही जाणार."

"मग अंडी तरी?" ताईने विचारलं.

"ती काय तिला विचारून घेतात?"

मेहुण्याने तोवर वाटी संपवत आणली होती आणि तो कौतुकाने भावोजींकडे बघत होता. भावोजींनी काहीही केलं तरी तो कौतुकानेच बघे. तो लहान असताना ताईचं लग्न ठरलं, तेव्हा भावोजी दोन्ही काखांत एकेक खुर्ची मारून जिना चढून आले होते, तेव्हापासूनचं ते कौतुक होतं. मोठा झाल्यावर त्याने दुसरा धंदा बघितलाच नाही. सरळ भावोजींच्या ट्रकवर लागला.

सामान हलवण्याच्या या धंद्यात जिन्यावर दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वरचा उलटा चालतो, रस्ता बघतो आणि सांगतो, पायरी आली, वळण आलं, डावीकडे घ्या. खालच्याला समोर फक्त लाकूड दिसतं. त्याने ऐकायचं आणि पेलायचं. खालची बाजू ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. तिथे खांदाही लागतो आणि वरच्यावर विश्वासही लागतो. भावोजी कायम खाली असत आणि मेहुणा कायम वर. ट्रकवर सगळे त्यांना भावोजीच म्हणत, ड्रायव्हरही आणि वयाने मोठे असलेले मालकही.

शाकाहाराची बातमी कळल्यावर ड्रायव्हरने गाडी चालवता चालवता एकच प्रश्न विचारला आणि मेहुण्याची झोप उडवली. "प्रोटीन कुठून आणणार?"

"ताई डाळी वगैरे करते," मेहुणा म्हणाला.

"डाळीने काय होतं? खांदा म्हणजे सगळं प्रोटीन. आतून विरघळत जातं ते. बाहेरून कळतसुद्धा नाही, आणि एक दिवस जिन्यावर गुडघा दुमडतो." ड्रायव्हरला शरीराच्या आतलं सगळं माहीत असे. बाहेरचं, म्हणजे मागची गाडी, सिग्नल, हे त्याला जरा कमी दिसे.

मेहुण्याने हाय खाल्ली. जिन्यावर गुडघा दुमडला तर कपाट कुणावर येणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून तो डोळ्यांत तेल घालून भावोजींवर लक्ष ठेवू लागला. त्यांच्या कपाळावर घाम आला की हा थबके. त्यांनी खाकरलं तरी हा विचारी, "थांबू या का?" भावोजी म्हणत, "कशाला?" आणि सोफा उचलत.

शिवाय त्याने मनाशी आणखी एक ठरवलं. दुपारी भावोजींच्या समोर बसून आपण मटण खायचं म्हणजे त्यांचा जीव जाळण्यासारखं आहे. म्हणून दुपारी तो काहीतरी कारण काढून ट्रकच्या मागे जाई आणि चहात बिस्किटं बुडवून खाई. फार भूक लागली तर पावाला जॅम लावी. मांसाहार सोडून दुसरं काय खातात, याचा विचार त्याने जन्मात केला नव्हता, त्यामुळे त्याची मजल जॅमपर्यंतच गेली. त्यातूनही ताई सकाळी हातावर ठेवी ते मूठभर शेंगदाणे तो न खाता गुपचूप भावोजींच्या पिशवीत सोडून देई. संध्याकाळी भूक इतकी लागे की डोळ्यांपुढे काजवे चमकत, पण ते काजवे भावोजींसाठी आहेत म्हटल्यावर तो सुखात असे.

आणि मग मोडतोड सुरू झाली. पहिल्यांदा एका घरातली झाडाची कुंडी फुटली. भावोजी तिला अडखळले. कुंडी वाटेत आहे हे वरच्याने सांगायचं असतं, पण वरचा तेव्हा भावोजींच्या मानेवरची शीर फुगली की बसली, ते पाहत होता. मग एका टेबलाचा पाय दाराच्या चौकटीला घासला. मग एका बाईंच्या भिंतीचा रंग खरवडला गेला. दर वेळी भावोजी म्हणत, "माझं चुकलं," आणि मेहुण्याचा जीव तुटे. अशक्तपणा सुरू झाला, असं त्याला वाटे. भावोजींनी कधी दोष वर ढकलला नाही. त्यांचा स्वभावच तसा होता.

मालकांच्या कानावर हे गेलंच. मालक तसे वाईट नव्हते, फक्त त्यांना तुटकं सामान आवडत नसे. त्यांनी भावोजींना बोलावून स्पष्ट सांगितलं. उद्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय. त्यांच्या आईंचं एक कपाट आहे. त्याला ओरखडा जरी आला तरी यापुढे तुम्ही खाली बसून कपबश्या कागदात गुंडाळायच्या, खालची बाजू दुसरा कुणीतरी घेईल.

भावोजी फक्त "बरं" म्हणाले. पण घरी आल्यावर ते बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत बसले. ते मेहुण्याने पाहिलं आणि रात्रीचं जेवणही त्याला गोड लागलं नाही. सकाळी तर त्याने नाश्त्याला हातही लावला नाही.

कपाट पाहून ड्रायव्हरने टोपी काढली. भरीव लाकडाचं, दोन दारांचं, आणि एकही स्क्रू नसलेलं. जुन्या सुताराने लाकडात लाकूड अडकवून बनवलेलं, त्यामुळे ते सुटं करायची सोय नव्हती. लिफ्टमध्ये त्याचं एक दारसुद्धा मावलं नसतं. डॉक्टरीणबाईंच्या आई काठी टेकत म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी केलंय हो ते." बस, एवढंच. मालक मुद्दाम आले होते आणि फाटकापाशी उभे होते.

पहिला मजला छान गेला. दुसऱ्याच्या आधी जिन्याला वळण होतं. अशा वळणावर वरच्याने शेवटच्या पायरीआधी "उभं करा" म्हणायचं असतं. मग कपाट उभं करून त्याच्या एका कोपऱ्यावर फिरवून घेतात. मेहुण्याला हे झोपेतही ठाऊक होतं. पण नेमकं तेव्हाच त्याला भावोजींच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब ओघळताना दिसला, आणि तो थेंब हनुवटीपर्यंत पोचतो की नाही हे बघण्यात पायरी निघून गेली. कपाटाचा वरचा कोपरा भिंत आणि कठडा यांच्यामध्ये जाऊन बसला. पुढे जाईना, मागे येईना. मेहुणा वरच्या बाजूला अडकला, भावोजी खालच्या बाजूला, आणि सगळा भार त्यांच्या खांद्यावर.

मेहुण्याला आता भावोजी दिसतही नव्हते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काय ओरडावं हे न कळून तो जिन्यात जिवाच्या आकांताने ओरडला, "अहो, कुणीतरी या! आमचे भावोजी शाकाहारी आहेत!"

पटापट दारं उघडली.

इतकी वर्षं सामान चढवताना मदतीला कधी कुणी आलं नव्हतं. पण शाकाहारी म्हटल्यावर खालच्या जिन्यात ही गर्दी झाली. मेहुण्याला वरून नुसते आवाज ऐकू येत होते. पहिल्या मजल्यावरचे व्यायामाचे सर होते, शाळेतून निवृत्त झालेले. ड्युटीवरून परतणारी एक नर्स होती. डॉक्टरीणबाई होत्या, काठी होती, आणि ड्रायव्हर तर होताच.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"कोंबडी मांडीवर बसली तेव्हापासून," कपाटाखालून भावोजींचा शांत आवाज आला.

"आणि प्रोटीन कुठून घेता?"

"मी तेच विचारलं होतं," ड्रायव्हर म्हणाला.

भावोजींनी सांगितलं. खांद्यावर अख्खं कपाट घेऊन, एखाद्याने पत्ता सांगावा तसं सांगितलं. सकाळी दूध आणि शेंगदाणे. शेंगदाणे हल्ली पिशवीत आपोआप वाढतात, बायको टाकत असावी. दुपारी डाळ-भात, मोड आलेली कडधान्यं. संध्याकाळी राजमा, नाहीतर सोयाबीन, वर दही. नर्स म्हणाली, उत्तम आहे, धान्य आणि डाळ दोन्ही पोटात गेलं की झालं, फक्त रक्तातलं बी-बारा तेवढं तपासून घ्या. सर म्हणाले, पनीरही घेत चला. पहिल्या मजल्यावरच्याच आणखी कुणीतरी भाजलेले हरभरे आणून त्यांच्या तोंडात घातले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सावकाश चावा. कपाटाला मात्र कुणी हात लावला नाही. इतकं इत्थंभूत बोलणारा माणूस अडचणीत असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

वर मेहुण्याच्या वाट्याला फक्त तोल सांभाळायचं काम होतं, पण पोटात सकाळपासून चहा सोडून काही नव्हतं. डोळ्यांपुढे ते काजवे पुन्हा चमकले. गुडघा दुमडतोय असं वाटलं. दुमडला तो त्याचाच. तो मटकन पायरीवर बसला.

"काय रे, काय झालं?" खालून भावोजी म्हणाले. त्यांना लाकडातूनच कळलं होतं.

"काही नाही. तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीकच आहे. तू माझ्याकडे बघू नकोस."

"दिसतच नाही तुम्ही."

"मग बरंच झालं. आता भिंतीकडे बघ. कोपरा कुठे अडलाय सांग."

मेहुण्याने भिंतीकडे पाहिलं. किती दिवसांनी तो भिंतीकडे बघत होता. कोपरा कठड्याच्या गोल टोकाखाली टेकला होता, आणि डावीकडे हात जाईल एवढी जागा मोकळी पडली होती. अगदी ढळढळीत. आणि मग त्याला ती कुंडी आठवली, टेबलाचा पाय आठवला, रंग आठवला. त्या प्रत्येक वेळी आपण कुठे बघत होतो, तेही आठवलं. त्याचा चेहरा कानापर्यंत तापला. "वीतभर खाली घ्या," तो कसाबसा म्हणाला, "आणि मग डावीकडे. भावोजी, चुकलं ते सगळं माझं होतं."

"ते नंतर. पायऱ्या सांग."

भावोजींनी कपाट वीतभर खाली घेतलं. ज्यांनी उचललंय त्यांनाच कळेल, खांद्यावरचं ओझं खाली घेऊन तिथेच थोपवणं म्हणजे काय असतं. कपाट डावीकडे सरकलं, उभं राहिलं, कोपऱ्यावर फिरलं आणि मेहुण्याच्या मागोमाग गुमान वर चढू लागलं. तिसऱ्या मजल्यावर काठीवाल्या आईंनी त्यावरून बोट फिरवलं. ओरखडा नव्हता. व्यायामाचे सर तर नुसते बघत राहिले आणि मग घरी जाऊन आपल्या बायकोला म्हणाले म्हणे, की उद्यापासून मला राजमा दे.

मालक धापा टाकत वर आले. जिन्याखाली उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं, पायरीवरची कबुलीसुद्धा. भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून ते मेहुण्याकडे वळले. "कपबश्या खाली आहेत," ते म्हणाले. "कागद ट्रकमध्ये आहे."

मेहुणा मान खाली घालून निघाला. त्याला ते रास्तच वाटत होतं.

"मालक, त्याला वरच राहू द्या," भावोजी म्हणाले. "खाली मला काहीच दिसत नाही. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर मी पाय टाकणार नाही."

मालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ते पुटपुटत खाली गेले. नर्स मात्र तिथेच उभी होती. ती मेहुण्याच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे बघत म्हणाली, "आणि हे काय खातात?"

मेहुण्याला जॅम सांगायची लाज वाटली.

भावोजींनी आपली पिशवी पुढे ओढली, डबा काढला आणि त्या रिकाम्या खोलीत, कपाटाला पाठ टेकून बसले. डबा उघडला. मसूर, भात, मोड आलेले हरभरे, दही. एका माणसाला संपणार नाही इतकं. वर दोन चमचे ठेवलेले होते.

"दोन कशाला?" मेहुण्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून दोनच असतात. ताई तुझाही डबा यातच भरते." भावोजींनी एक चमचा त्याच्या हातात दिला. "तू रोज कुठेतरी निघून जायचास. मला वाटलं, डाळ आवडत नसेल, उगाच कशाला भीड घाला."

मेहुण्याने पहिला घास मसुराचा घेतला. मग मात्र तो असा जेवला की ड्रायव्हर दारातून डोकावून बघत राहिला. जेवण झाल्यावर भावोजी उठले. खाली अजून मोठा आरसा राहिला होता. जिना उतरताना ते दर दोन पायऱ्यांना मागे वळून मेहुण्याच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "पुढे बघा. तिथे कुंडी आहे."